फर्निचरचा धंदा करणाऱ्यांकडून सुतारकाम शिकावं की फुलटाइम शिक्षकाकडून?

चार्ल्सकाठ
नमस्कार मंडळी. बॉस्टनजवळ मेडफर्डला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. लाकडाचं काम नीट शिकायचं हे आता पक्कं केलंय, यूट्यूब बघून नाही तर समोर माणूस उभा असताना. बायकोचा पाठिंबा आहे, सिटिझनशिप झालीये त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक बॉस्टनमधलीच नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूल, नॉर्थ एंडला, तिथे कॅबिनेट अँड फर्निचर मेकिंगचा दोन वर्षांचा फुलटाइम कोर्स आहे. दुसरी मेन राज्यात रॉकपोर्टला, सेंटर फॉर फर्निचर क्राफ्ट्समनशिप, माझ्या घरापासून गाडीने तीन-साडेतीन तास. तिथे एक-दोन आठवड्यांचे वर्कशॉप्स आहेत, बारा आठवड्यांचा इंटेन्सिव्ह आहे आणि नऊ महिन्यांचा मोठा कोर्सपण आहे.

आता शंका अशी की रॉकपोर्टला शिकवणारे बरेचसे लोक स्वतःचं वर्कशॉप चालवणारे फर्निचर मेकर्स आहेत, येतात, काही आठवडे शिकवतात आणि परत आपल्या कामाला जातात. इथला एक मित्र म्हणाला की ज्याचा धंदा चालतो तो शिकवायला कशाला येईल, आणि आलाच तर आपलं खरं कसब तुला कशाला दाखवेल. मला हे पटलं नाही पण डोक्यातून जातपण नाहीये. कुणी अशा ठिकाणी शिकलंय का? रोज तोच शिक्षक असणं जास्त चांगलं का?

सागवानी
मी रॉकपोर्टला बारा आठवड्यांचा केलाय त्यामुळे लिहिते.

आधी मित्राच्या बोलण्याबद्दल. अहो, हाताने बनवलेलं फर्निचर विकणं हा कायम मागेपुढे होणारा धंदा, आज डायनिंग टेबलाची मोठी ऑर्डर आणि मग महिना दोन महिने फोनच नाही, त्यात लाकूड आधी स्वतःच्या पैशाने आणायचं. शिकवण्याचे पैसे ठरलेल्या तारखेला येतात. शिवाय वर्कशॉपमध्ये माणूस दिवसचे दिवस एकटा असतो, चार जणांशी कामाबद्दल बोलायला मिळणं ही त्यांचीही गरज असते. ती शाळा 1993 मध्ये काढणारे पीटर कॉर्न स्वतः फर्निचर मेकर, त्यामुळे करणाऱ्यानेच शिकवायचं ही तिथली पहिल्यापासूनची रीत आहे. धंदा बसला म्हणून शिकवायला आले असं अजिबात नाही.

आणि कसब लपवण्याबद्दल. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. डव्हटेलचा, म्हणजे फळ्यांच्या टोकांना तिरके दात कापून एकमेकांत अडकवायच्या जॉइंटचा, ड्रॉवर करत होतो, माझा जॉइंट अर्ध्यावर अडकला. मी सगळीकडून थोडं थोडं तासायला पटाशी उचलली तर सर म्हणाले थांब. त्यांनी हातोडीने हळूच दोन ठोके मारले, जॉइंट परत बाहेर काढला आणि फळी खिडकीकडे तिरकी धरली. पिनच्या, म्हणजे एका फळीच्या दाताच्या, एका बाजूला नखाएवढा भाग चकाकत होता. जिथे लाकूड लाकडावर घासतं तिथे ते दाबून गुळगुळीत होतं आणि उजेडात चमकतं, बाकीचं मॅट राहतं. त्यांनी फक्त तेवढ्यावरून पापुद्रा काढला, हलवून बघू दिलं, मग म्हणाले आता ठोक आणि आवाज ऐक. आवाज बदलत गेला, बसला तेव्हा एकदम भरीव आला. मी सगळीकडून तासलं असतं तर जॉइंट ढिला झाला असता आणि फटी भरत बसले असते. हे त्यांनी दिवसाला कितीतरी वेळा वर्गातल्या प्रत्येकाला दाखवलं, काही राखून ठेवलं असं कधी जाणवलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठे थांबायचं. ड्रॉवरच्या तळाची खालची बाजू आम्ही सगळे घासत बसलो होतो. सर म्हणाले गिऱ्हाइकाचा हात कुठे जाणार ते बघा, ड्रॉवरची वरची कड, पुढच्या फळीची आतली बाजू, तिथे जीव ओता, खाली रंध्याच्या खुणा राहिल्या तरी चालतील. मग म्युझियममधल्या अठराव्या शतकातल्या कपाटांच्या पाठीचे फोटो दाखवले, इतकं देखणं फर्निचर आणि मागची बाजू खरखरीत सोडलेली. ज्याला त्या कामातून घरभाडं काढायचंय त्यालाच हे माहीत असतं हो.

उलटसुलट
सागवानीताईंचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही मांडतो, कारण चांगला कारागीर म्हणजे चांगला शिक्षक हे मला सरसकट मान्य नाही. मी एका उत्तम खुर्ची बनवणाऱ्या माणसाचा वीकेंड वर्कशॉप केला होता, तो बोलत होता पण त्याचा हात तोंडाच्या पुढे तीन पावलं होता. इतकी वर्षं केलेली गोष्ट हाताला माहीत असते, शब्दात आणायला वेगळी मेहनत लागते आणि ती त्याने घेतली नव्हती.

गंमत म्हणजे तुमचा प्रश्न नॉर्थ बेनेटच्या इतिहासातच आहे. पॉलीन अगासिझ शॉ या बाईंनी 1880 च्या दशकात नॉर्थ एंडमधल्या नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबांसाठी ही संस्था उभी केली. मग त्यांनी स्वीडनची स्लॉयड पद्धत उचलून धरली, म्हणजे सुरीपासून सुरुवात करून एकापेक्षा एक अवघड वस्तू क्रमाने बनवत जायचं, आणि त्यासाठी 1888 मध्ये बॉस्टनला आलेल्या गुस्ताफ लार्सन यांना कामाला घेतलं. ही पद्धत घडवणारे स्वीडनमधल्या नेस इस्टेटीवर शाळा चालवणारे ऑटो सॉलोमन, त्यांचं स्पष्ट मत होतं की स्लॉयड शिकवायला कारागीर नको, तयार केलेला शिक्षक हवा. कारण कारागिराचं लक्ष वस्तूवर जातं आणि शिक्षकाचं मुलावर. हे त्यांनी शाळकरी मुलांसाठी म्हटलंय, तुम्हाला धंद्याच्या पातळीचं शिकायचंय तर गणित बदलतं. पण मुद्द्यात दम आहे.

आजच्या नॉर्थ बेनेटमध्ये शिक्षक कायमचे आहेत पण बरेच जण तिथेच शिकलेले आणि स्वतःची कामंही करणारे, त्यामुळे दोन्ही साधतं. सुरुवातीला ड्रॉइंग, हत्यारांना धार, मग स्वतःची हत्यारपेटी, त्यानंतर टेबल, खुर्ची, कपाट असं पुढे जातात. तुमच्यासारख्या रोज आयटी करणाऱ्या माणसाला तोच चेहरा दोन वर्षं समोर असणं मोलाचं आहे, कारण तुमची चूक कुठल्या सवयीतून येते हे त्याला महिन्याभरात कळतं. पाहुणा शिक्षक ती सवय ओळखेपर्यंत त्याची जायची वेळ येते.

सागवानी
उलटसुलट, सवयीचा मुद्दा बरोबर. रॉकपोर्टला वेगवेगळ्या माणसांचा फायदा मात्र असा झाला की एकाच कामाला तीन जणांनी तीन रीती दाखवल्या आणि तिघांच्याही वस्तू गॅलरीत विकल्या जातात. एक म्हणतो डव्हटेलचे टेल, म्हणजे दुसऱ्या फळीचे दात, आधी कापा, दुसरा म्हणतो पिन आधी. पहिल्या आठवड्यात डोकं गरगरलं, नंतर कळलं की का ते समजलं तर आपण आपलं निवडू शकतो.

ओंडका
थोडी भर. अमेरिकेतलं आजचं स्टुडिओ फर्निचर, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये एकेका मेकरने घडवलेलं, जे आहे त्यातलं केवढं तरी धंदा करणाऱ्या शिक्षकांनीच उभं केलंय. टागे फ्रिड बघा, डेन्मार्कमध्ये पोरवयात उमेदवारी केलेला माणूस, 1948 मध्ये त्यांना खास शिकवायलाच बोलावलं, आधी न्यूयॉर्क राज्यात आल्फ्रेडला मग रॉचेस्टरला, पुढे 1962 पासून ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनला. त्यांचे विद्यार्थी जेरी ऑझगुड पुढे बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकवायला गेले. म्हणजे तुम्ही बॉस्टनमध्ये आज ज्याच्यासमोर उभे राहाल त्याचा गुरू किंवा गुरूचा गुरू या माळेतला निघायची बरीच शक्यता आहे.

दुसरे जेम्स क्रेनोव्ह. जन्म सैबेरियात, शिक्षण स्टॉकहोमला फर्निचर डिझायनर कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत, आणि 1981 पासून कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला वीसेक वर्षं शिकवलं. तिथे विद्यार्थी सुरुवातीच्या आठवड्यांतच स्वतःचा लाकडी रंधा बनवतात आणि मग पुढचं काम त्याच रंध्याने करतात. ही शाळा आता क्रेनोव्हच्याच नावाने चालते. फार लांब पडेल तुम्हाला, पण माणसाचं काम बघून ठेवा, छोटी छोटी कपाटं पायांवर उभी, बघत राहावं अशी.

आणि एक मला फार आवडणारी गोष्ट, न्यू हॅम्पशायर फर्निचर मास्टर्स म्हणून संघटना आहे, त्यातले मोठमोठे मेकर्स तुरुंगात जाऊन कैद्यांना फर्निचर शिकवतात. मित्राला हे नक्की सांगा.

सांगलीकर_सुतार
धागा वाचून राहवलं नाही. आमचं घरच सुताराचं. वडील बैलगाड्यांपासून देवघरांपर्यंत सगळं करायचे, मी पॉलिटेक्निक केलं आणि आता पुण्यात फर्निचरचं युनिट आहे.

वडील मे महिन्यात दाराचं पॅनेल बसवताना खोबणीत दोन्ही बाजूला फट ठेवायचे आणि तिथे फेविकॉल लागू द्यायचे नाहीत. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात बघ." एवढंच. पावसाळ्यात शेजारच्यांचं दार फुगून अडकायचं, आमचं नाही. मला कारण समजायला पुढे पुस्तकं वाचावी लागली. त्यांना सगळं येत होतं पण समोर बसवून सांगायची पद्धतच नव्हती, पोऱ्याने बघून उचलायचं.

आणि आपल्याकडे दुसरी अडचण अशी की आयटीआयमध्ये शिकवायचं तर ट्रेडचं सर्टिफिकेट पाहिजे, वर इन्स्ट्रक्टर ट्रेनिंगचं पण. माझ्याकडे राजस्थानचे जांगिड, म्हणजे तिकडच्या सुतार समाजातले, मिस्त्री आहेत, सागवानाची फळी हातात घेतली की कुठल्या बाजूने रंधा मारला तर उचकटेल ते बोट फिरवून सांगतात, त्यांना कुठल्या वर्गात उभं करता येणार? मला मनापासून वाटतं की अशा माणसांना वर्षातले काही आठवडे तरी शिकवायला बोलवावं, मानधन द्यावं, सोबत एक बोलका शिक्षक द्यावा. आमच्याकडे सगळं प्लाय आणि सनमायका स्क्वेअर फुटावर चाललंय, मिस्त्रींची पोरं हे काम करायला तयार नाहीत. अजून पंधरा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही याची मला खरंच काळजी आहे.

तसं आपल्याकडे कुणी आलंच नाही असंही नाही. अमेरिकेतले नावाजलेले फर्निचर मेकर जॉर्ज नाकाशिमा 1930 च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंडा इमारतीच्या कामावर होते आणि 1964 मध्ये अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, येऊन तिथल्या कारागिरांसोबत फर्निचर केलं. एवढा मोठा मेकर येऊन आपल्या सुतारांच्या शेजारी उभा राहिला.

चार्ल्सकाठ, माझं मत विचाराल तर करणाराच गाठा, पण सांगता येणारा. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणावं आणि त्याला फक्त विचारा की ही फट का ठेवली.

सागवानी
सांगलीकर दादा, तुमचं वाचून भरून आलं. वडिलांचं ते पॅनेल आम्हाला आकड्यात शिकवलं म्हणून सांगते. साधारण तीस सेंटिमीटर रुंदीची फ्लॅट सॉन, म्हणजे ओंडका सरळ उभा चिरून काढलेली, रेड ओकची फळी, लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की रुंदीत चार मिलीमीटरहून जास्त हलते. लांबीत जवळजवळ नाहीच. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हीटिंगने घरं कोरडी ठक्क होतात आणि उन्हाळ्यात दमट, म्हणजे तुमच्या मे आणि जुलैसारखंच. सागवान ओकपेक्षा कमी हलतं, तरी वडील फट ठेवायचे म्हणजे किती जाण होती. त्यांच्या हातची एखादी जुनी वस्तू असेल तर फोटो टाका ना प्लीज.

चार्ल्सकाठ
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मित्राला धागा पाठवलाय.

असं ठरवलंय की नोकरी लगेच सोडायची नाही. नॉर्थ बेनेटमध्ये संध्याकाळचे आणि वीकेंडचे छोटे कोर्स असतात, त्यात हत्यारांची धार आणि डव्हटेल हे आधी करतो, शिक्षक जवळून बघतो, वर्गात दादांचा प्रश्नही विचारतो. उन्हाळ्यात रजा टाकून रॉकपोर्टला दोन आठवड्यांचा वर्कशॉप. दोन्हीकडची माणसं बघून मग दोन वर्षांच्या कोर्सचं ठरवतो.

एक शेवटचं, पटाशांचा सेट आत्ताच घ्यावा का? ऑनलाइन डझनभराचे सेट दिसतायत.

उलटसुलट
सेट नको. पाव, अर्धा आणि पाऊण इंच अशा तीन चांगल्या घ्या, धार लावायचा एक वॉटरस्टोन हजार ग्रिटचा (आकडा मोठा तितका दगड बारीक) आणि एक सहा-आठ हजारचा. पहिले काही दिवस पटाशीची मागची सपाट बाजूच आरशासारखी करत बसा, ती झाल्याशिवाय धार टिकत नाही.

सांगलीकर_सुतार
आणि गुण्या चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. काटकोनच चुकला तर पटाशी कितीही चांगली असू दे. सागवानीताई, वडिलांनी केलेलं देवघर गावाकडे आहे, दिवाळीत गेलो की फोटो टाकतो.