एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी सिंहगड पुरेसा आहे का?

वाटसरू_पुणे

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये मी (४७) आणि नवरा (५१, बीपीची गोळी चालू) एव्हरेस्ट बेस कॅम्प करायचं म्हणतोय, हातात पाच महिने आहेत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड झालेत, हिमालय एकदाही नाही. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, मला सव्वा तास लागतो. एवढी तयारी चालेल का अजून काय करू? दुसरं म्हणजे एक ट्रेकवाला १२ ऐवजी १० दिवसांत करून देतो म्हणतोय, वाटेतल्या नामचे आणि डिंगबोचे या मुक्कामांची एकेक जादा रात्र काढून टाकलीय, पैसेही बरेच वाचतात, तुम्ही फिट आहात म्हणाला. आणि डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी) घ्यायची की नाही यावर घरात रोज वाद चाललाय.

कातळकडा

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या १० दिवसांना नाही म्हणा. कळकळीने सांगतोय कारण मी हेच केलं होतं. तेव्हा ३४ वर्षांचा, हाफ मॅरेथॉन पळणारा, ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे. आमचीही डिंगबोचेची (४४१० मीटर) जादा रात्र कापलेली, दुसऱ्या दिवशी थेट लोबुचे (४९४०). संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, जेवण समोर आलं तर वास सहन होईना, मी म्हणालो पित्त झालंय आणि झोपलो. पहाटे बाहेर जायला उठलो तर बुटाची नाडी बांधता येईना. हातात नाडीची दोन टोकं आहेत, दिसतायत, पण पुढे काय करायचं ते सुचतच नव्हतं. गाईडने दोन पावलं चालायला लावलं, मी भिंतीला धरलं, त्याने उजाडायची वाट पाहिली नाही, हेडलॅम्पवर मला खाली फेरिचेला आणलं. तिथे सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो. सहा-सातशे मीटर उतरल्यावर दुपारपर्यंत मी माणसात आलो होतो.

फिटनेसने पाय चालतात, उंची सोसायला शरीराला दिवसच लागतात. उलट फिट माणूस भरभर चढतो आणि तिथेच फसतो. बेस कॅम्पला (५३६४) हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करावा असं सांगतात. पहिला मुक्काम फाकडिंग २६१०, पुढचा नामचे ३४४०, म्हणजे तिथेच एकदम आठशे मीटर वाढतात, म्हणून ती जादा रात्र. त्या दिवशी नुसतं खोलीत बसायचं नाही हं, थोडं वर चढून यायचं आणि झोपायला खाली.

डॉ_आजीबाई

वरच्यांची नाडी बांधता न येणं, भिंत धरणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण, गाईडने जीव वाचवला. एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली. वर गेल्यावर डोकं दुखलं की आधी उंचीच समजा, पित्त नंतर, आणि दुखणं थांबेपर्यंत वर जाऊ नका.

डायमॉक्स: साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून. ती लक्षणं झाकते हा गैरसमज आहे, शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. पण ती घेतली म्हणून दिवस कापायचे नाहीत. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मिस्टरांच्या बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे का ते त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि इथेच दोन दिवस घेऊन बघा, पहिला डोस नामचेत नको. झोपेची गोळी आणि दारू वर अजिबात नाही.

सह्यवारा

मी ५८व्या वर्षी केला. सिंहगड सोडू नका, पण सव्वा तासाचा एक तास करायच्या मागे लागू नका. पाठीवर ६ किलो (पाण्याच्या बाटल्या भरा, वर जाऊन ओतून टाकता येतात) घ्या आणि लागोपाठ दोन दिवस जा, शनिवार रविवार, कारण तिथे आदल्या दिवशीचे दुखरे पाय घेऊनच चालायचं असतं. मधल्या दिवशी बिल्डिंगचे जिने. उतरताना गुडघे बोलतात म्हणून दोन काठ्या हव्यातच, आणि त्या काठ्यांची सवय इथेच करा.

बूट आत्ताच घ्या, अर्धा नंबर मोठे, संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना जाड मोजे घालून बघून. जायच्या आदल्या दिवशी पायाची नखं बारीक कापा. माझ्या बहिणीने कापली नव्हती, नामचेहून लुक्लाला (विमान उतरतं आणि ट्रेक सुरू होतो ते गाव) उतरताना दोन्ही अंगठे काळे पडले, एक नख पुढे निघूनच आलं.

याक किंवा खेचरं समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. रात्री मोबाईल आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगेत, थंडीने बॅटरी उतरते. नामचेच्या वर मटण-चिकन नको, खालून पाठीवरून येतं, दाल-भात खा. लुक्लाची विमानं हवेवर, सीझनमध्ये बरीचशी काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्रीच निघायचं आणि चार-पाच तास गाडीत. परतीला दोन दिवस मोकळे ठेवा. विमानाने काठमांडूला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. इन्शुरन्स घेताना ५५०० मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरसह आहे का ते कागदावर वाचा.

वाटसरू_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. नाडीचं वाचून नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही. ट्रेकवाल्याला फोन केला, दोन्ही रात्री परत टाका नाहीतर दुसरा बघतो, तयार झाला. बीपीचं शुक्रवारी दाखवतोय. एकच राहिलं, आम्हा दोघांची चाल वेगळी आहे, तो पुढे निघून जातो, तिथे काय करायचं?

कातळकडा

जो हळू आहे त्याने पुढे चालायचं. या रविवारपासून सिंहगडावर तुम्ही पुढे, ते मागे, आणि चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागून वाक्य तुटलं की वेग जास्त झाला.