वॅलहाइमचा सर्व्हर जुन्या पीसीवर: कमीत कमी भानगडीत कसा बसवायचा?

कोथरूडकर_६४बिट
मशीन: सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, डेबियन १२ (लिनक्स), मॉनिटर नाही. वॅलहाइम हा गेम खेळणारे सहा: दोघे घरच्याच वायफायवर, तिघे हडपसर-वाकडकडे, एक बंगळुरूत. स्टीमसीएमडीची (स्टीमवरून सर्व्हर उतरवणारं कमांडचं साधन) टार फाइल उघडून चालवली की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं, आणि फाइल तर समोर दिसते आहे. लिनक्सजीएसएम (गेम सर्व्हर बसवणारी, सांभाळणारी तयार स्क्रिप्ट) घ्यावं की हाताने बसवावं? मी नसताना दुसऱ्या कुणालाही एका कमांडमध्ये सर्व्हर रिस्टार्ट करता आला पाहिजे. शिवाय गुरुवारी वीज जाते, तेही आहेच.

पेठेतला_पेंग्विन
फाइल आहे, पण ती ३२ बिटची. तिला चालवणारा ३२ बिट लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारी फाइल) तुमच्या मशीनवर नाही, आणि 'सापडत नाही' ही तक्रार त्या लोडरबद्दलची आहे. लिब३२जीसीसी-एस१ हे पॅकेज टाका, लोडर त्याच्यासोबत येतो. जुन्या लेखांत लिब३२जीसीसी१ असं नाव दिसेल, ते आता विसरा. आय३८६ आर्किटेक्चर जोडायची गरज स्टीमसीएमडी डेबियनच्या पॅकेजमधून घेणाऱ्यांना. टारमधून चालवणाऱ्यांना नाही.

पुढे रूटने (ॲडमिन खात्याने) काहीही चालवू नका. 'वॅलहाइम' नावाचा वेगळा युजर करा, सगळं त्याच्या होममध्ये. स्टीमसीएमडीत आधी इन्स्टॉलचा फोल्डर सांगायचा आणि मग ॲनॉनिमस लॉगिन. क्रम उलटा केला की ते कुरकुरतं. सर्व्हरचा ॲप आयडी ८९६६६०. सोबत येणारी मूळ स्टार्ट स्क्रिप्टच बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. कॉपी करून कॉपीत नाव, वर्ल्ड आणि पासवर्ड भरा. पासवर्ड किमान ५ अक्षरांचा हवा आणि तो सर्व्हरच्या नावात येता कामा नये. नाहीतर सर्व्हर उठतो नि लगेच बसतो, आणि लोक रॅमला दोष देत बसतात.

लिनक्सजीएसएम चांगलंच आहे, चार-पाच वेगवेगळे गेम चालवणार असाल तर घ्याच. एका गेमसाठी मात्र सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) पंधरा ओळींची एक युनिट फाइल पुरते. दोन्ही एकत्र कधीच नको: लिनक्सजीएसएमचा मॉनिटर आणि सिस्टमडीचा रिस्टार्ट एकाच पोर्टसाठी भांडतात.

कोथरूडकर_६४बिट
लोडरचं जमलं, धन्यवाद. युनिट फाइलमध्ये नेमकं काय हवं? अपडेटही त्यातच बसवता येईल का?

पेठेतला_पेंग्विन
येईल. युजर आणि वर्किंग डिरेक्टरी द्या. एक्झेकस्टार्टप्रीमध्ये स्टीमसीएमडीची अपडेट कमांड, एक्झेकस्टार्टमध्ये तुमची कॉपी केलेली स्क्रिप्ट. म्हणजे रिस्टार्ट केलं की अपडेट आपोआप होतं, आणि गेम अपडेट झाल्यावर 'व्हर्जन जुळत नाही' म्हणून मंडळींचे फोन येत नाहीत. इथे एक खड्डा आहे: सिस्टमडी सुरू व्हायला ९० सेकंदच थांबतो, मोठं अपडेट उतरत असताना मध्येच मान मुरगळतो. टाइमआउटस्टार्टसेक ९०० करा.

किलसिग्नल सिगइंट ठेवा. वॅलहाइमचा सर्व्हर कंट्रोल-सीने व्यवस्थित बंद होतो, म्हणजे बंद होण्याआधी वर्ल्ड सेव्ह करतो, आणि सिगइंट म्हणजे तेच कंट्रोल-सी. रिस्टार्ट ऑन-फेल्युअर, मध्ये ३० सेकंदांचं अंतर. आणि मित्रांसाठी सुडोअर्समध्ये (कोणाला कोणती ॲडमिन कमांड चालवता येईल ते ठरवणारी फाइल) फक्त त्या एका रिस्टार्ट कमांडची परवानगी द्या, पूर्ण सुडो नको. मैत्री आपल्या जागी.

वाकड_ते_वॅन
लिनक्सचा भाग सोपा आहे हो, खरं अडतं नेटवर्कला. राउटरच्या पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) ॲड्रेस बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक ॲड्रेस अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने सर्व्हरकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून काही आत येणार नाही. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी मिळाला तर यूडीपी २४५६ आणि २४५७ फॉरवर्ड करा. टीसीपी लागत नाही. यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू करण्यापूर्वी एसएसएचचा (दुरून लॉगिन करण्याचा) पोर्ट २२ उघडा, नाहीतर मॉनिटर शोधत फिरायची वेळ येईल.

स्टॅटिक आयपी नसेल तर स्टार्ट स्क्रिप्टमध्ये क्रॉसप्ले फ्लॅग लावा. मग जोडणी प्लेफॅबच्या (मायक्रोसॉफ्टची गेमसेवा) रिलेवरून होते, पोर्ट उघडायची गरजच राहत नाही आणि लॉगमध्ये जॉइन कोड छापून येतो. लिनक्सवर त्यासाठी लिबॲटॉमिक१ आणि लिबपल्स० लागतात. ती नसतील तर क्रॉसप्ले नीट उठत नाही. कोड रिस्टार्टला बदलतो, तेवढी डोकेदुखी.

बाहेरून जोडलं जातं पण घरातून पब्लिक ॲड्रेसवर जात नाही, असं झालं तर सर्व्हरमध्ये दोष शोधू नका. अनेक घरगुती राउटर हेअरपिन नॅट करत नाहीत, म्हणजे घरातून आपल्याच पब्लिक ॲड्रेसवर गेलेली जोडणी परत आत वळवत नाहीत. घरातल्या दोघांनी १९२.१६८ वाला लॅन ॲड्रेस टाकायचा.

सिंहगड_रोड_रूट
गुरुवारबद्दल. ऑटोसेव्ह मुळात १८०० सेकंदांनी होतो, सेव्हइंटरव्हल ६०० करा. वीज गेली तर फार तर १० मिनिटांचं बांधकाम जाईल. बायॉसमध्ये 'एसी पॉवर लॉस'नंतर 'पॉवर ऑन' निवडा आणि युनिट इनेबल करा, वीज आली की सगळं आपसूक उठतं.

यूपीएस घेणार असाल तर यूएसबी पोर्ट असलेलाच. पुण्यातल्या तापकीर गल्लीत स्वस्तात मिळतात त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना तो नसतो, मग बॅटरी संपत आल्याचं मशीनला कळणार कसं? पोर्ट असेल तर नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवा, ते वेळेत शटडाउन देतं. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये पालट इतका हळू होतो की पीसी तेवढ्यात रिबूट घेतो. राउटरलाही छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, हे सगळेच विसरतात.

बॅकअप: होममधल्या छुप्या कॉन्फिग फोल्डरात युनिटी३डी, आयर्नगेट, वॅलहाइम, त्यात वर्ल्ड्स_लोकल. डीबी आणि एफडब्ल्यूएल या दोन्ही फाइली एकत्रच उचला, एकट्या डीबीचा उपयोग नाही. पहाटे ५ ला टायमरने सर्व्हर थांबवा, टार करा, पुन्हा चालू करा. अपडेटही त्याच दमात होईल.