मदत हवी आहे: बोअरची सूट भोकाच्या पोझिशनमध्ये मिळवायची का?

ॲल्युमिनियम हाउसिंग, ड्रॉइंग एएसएमई वाय 14.5-2009 (टॉलरन्सचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे. मधल्या बोअरभोवती चार भोकं, माप 10.0 ते 10.1. टॉलरन्सच्या फ्रेममध्ये पोझिशन (भोकाचं सेंटर जागेवरून किती सरकलेलं चालेल ते) व्यास 0.2 आणि गोलातला एम, म्हणजे भोक किमान मापापेक्षा जितकं मोठं तितकी जादा सूट, बोनस. डेटम (ज्यांवरून मोजायचं ते संदर्भ) ए तळ, बी मधला बोअर (त्यालाही गोलातला एम, म्हणजे बोअर मोठा असला की त्याचीही सूट), सी बाजूची कड.

एक भोक एक्समध्ये 0.12, वायमध्ये 0.08 सरकलंय, म्हणजे पोझिशन (सरकलेल्या अंतराची दुप्पट) 0.288. भोक 10.06 भरतं, बोनस 0.06 धरून मर्यादा 0.26. बाहेरच. बाकी तिन्ही आरामात आत आहेत.

बोअर किमान मापापेक्षा 0.04 मोठा आहे. सुपरवायझर म्हणतात, तेही मिळव, 0.30 झालं, जाऊ दे. मला पटत नाही. चारही भोकं त्याच बोअरवरून मोजतो, मग एकट्यालाच सूट कशी?

भोक 10.1 ला नेलं तर बसेल हे कळतंय, पण जॉब ॲनोडाइझ (वर ऑक्साइडचा थर) होऊन आलाय, आता कापलं तर थर जाईल. सीएमएम (कोऑर्डिनेट मोजणारं मशीन) नाही, सरफेस प्लेट, हाइट गेज आणि पिना आहेत. कस्टमरला मेल टाकलाय, उत्तर नाही.

तर 0.04 सरळ मिळवता येतं, की बोअरचं सेंटर चारही भोकांसाठी एकत्र सरकवून हिशेब परत करायचा? आणि सरकवायचं ते 0.04 की त्याच्या निम्मं?