मदत हवी आहे: यारोचा चहा, आईची गाजर गवताची ॲलर्जी आणि रक्त पातळ होण्याची गोळी

नमस्कार मंडळी,

आम्ही कोरेगाव तालुक्यातले. आई गावी असते, मी नोकरीसाठी पुण्यात. मामाचा मुलगा जर्मनीत आहे, तो गणपतीला आला तेव्हा आईसाठी यारोच्या वाळलेल्या फुलापानांची पाकिटं घेऊन आला. तिकडे याला शाफगार्बे म्हणतात आणि पोट बिघडलं, भूक मेली की घरोघरी त्याचा चहा करतात म्हणे. जाता जाता त्याने आईला हेही सांगितलं की रक्त थांबवायला हे फार जुनं औषध आहे, ग्रीक कथांमधला अकिलीस सैनिकांच्या जखमांवर हेच लावायचा. झालं, आईच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

कारण तिला मूळव्याधीचा त्रास आहे आणि अधूनमधून रक्त पडतं. पण खरी अडचण पुढे आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून (धातूची आहे) तिला रक्त पातळ होण्याची गोळी कायमची लागली आहे. दर महिन्याला साताऱ्याला जाऊन पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करून येते. तिचा हिशोब असा: गोळीने रक्त जातंय, या चहाने थांबेल.

शिवाय तिला गाजर गवत अजिबात सोसत नाही. भांगलायला गेली की संध्याकाळी पापण्या सुजतात, मानेला आणि कोपराच्या लवणीत खाज सुटते. याचा चहाशी काही संबंध असेल असं वाटत नाही, तरी लिहून ठेवतो.

हा चहा तिने घ्यावा का? थोडा घेतला तर चालेल का? पाकिटं अजून फोडलेली नाहीत, पण माझ्या सांगण्यावर ती फार दिवस थांबायची नाही.

माणदेशी_गडी
झाडपाल्याने काय होतंय? अर्धा चमचा टाकून बघू द्या माउलीला. आमच्याकडे मूळव्याधीला सुरणाची भाजी आणि वाटीभर ताक.

कासपठार
हे कासला असतं की! पांढरी छत्रीसारखी फुलं, पानं बारीक चिरलेली. पाहिजे तर ताजं आणून देतो.

औषधपेटी
@कासपठार, तुम्ही म्हणताय ती बहुतेक पंद असावी. ती कोथिंबिरीच्या कुळातली. यारो सूर्यफुलाच्या कुळातला, आपल्याकडे रानात उगवतो तो काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात. छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांची काही झाडं जहरी असतात, त्यामुळे फोटो बघून ओळखायच्या भानगडीत कुणी पडू नका. आणि कासवरची फुलं तोडायला बंदी आहे.

आता मूळ प्रश्न. माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

तुम्ही शेवटी लिहून ठेवलेली गोष्ट मी पहिली घेईन. गाजर गवत आणि यारो एकाच कुळातले. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आता बांधाबांधावर आहे, आणि त्याची ॲलर्जी शेतात राबणाऱ्यांमध्ये भरपूर सापडते. ती ज्या जातीच्या द्रव्यांमुळे होते (सेस्क्विटर्पीन लॅक्टोन) ती यारोमध्येही असतात. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याने त्रास होण्याची शक्यता चांगलीच असते. जर्मन पाकिटावर 'कोर्बब्ल्यूटलर' (म्हणजे हेच सूर्यफुलाचं कुळ) असा शब्द आहे का ते भावाला बघायला सांगा. त्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये, अशी सूचना तिकडे देतात.

दुसरं रक्ताचं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने यारोला मान्यता दिली आहे ती भूक न लागणे, पोटफुगी, पाळीतल्या हलक्या कळा आणि वरवरच्या लहान जखमा एवढ्यापुरती. तीही निदान ३० वर्षांच्या वापराच्या परंपरेवर, रुग्णांवरच्या चाचण्यांवर नव्हे. मूळव्याधीचं रक्त त्यात नाही. बारा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांना तर देऊच नका म्हणतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर असा पाला आयएनआर कुठे नेईल याचा भरवसा नाही. खाली आला तर झडपेवर गाठ धरून पक्षाघाताची भीती, वर गेला तर रक्तस्राव वाढणार. दोन्हीकडून आईच अडकणार.

आणि एक विचारतो, राग मानू नका. मूळव्याधच आहे हे कुणी तपासून सांगितलंय, की रक्त दिसलं म्हणून घरीच ठरवलंय? ही गोळी घेणाऱ्याच्या शौचातून रक्त जात असेल तर एकदा तपासणी, हिमोग्लोबिन आणि ताजा आयएनआर हवाच. रक्त काळं पडायला लागलं, खूप जायला लागलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना. मात्र गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

वाईची_सून
माझ्या सासूबाईंना होमिओपॅथीवाल्यांनी रक्त जाण्यावर मिलेफोलियम दिलं होतं. ते हेच का?

औषधपेटी
वनस्पती हीच. मदर टिंक्चर असेल तर त्यात झाडाचा अर्क असतो, म्हणजे वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. भावाने पाकीट वाचलं, तो शब्द आहे. आणि आईला विचारल्यावर कळलं की दसऱ्याला शेवंतीच्या माळा ओवल्या तरी तिची बोटं फुटतात. इतकी वर्षं आम्ही ते हळदीवर आणि साबणावर ढकलत होतो.

तपासून कुणी सांगितलेलं नाही, तुमचा अंदाज बरोबर. मंगळवारी आयएनआरला जाणारच आहे, तेव्हा मी सोबत जाऊन डॉक्टरांना रक्ताचं सांगतो. इतके महिने ती त्यांच्याशी यावर बोललीच नाही, लाजेने.

पण आई ऐकेना. आता म्हणते, पीत नाही, टबात टाकून त्यात बसते. ते चालेल? नाहीतर त्याऐवजी कॅमोमाइल?

औषधपेटी
नको. ॲलर्जी कातडीची आहे आणि तोच पाला तुम्ही आधीच सोललेल्या नाजूक जागी लावणार. शेवंतीसारखंच कॅमोमाइलही त्याच कुळातलं. टबात नुसतं कोमट पाणी घ्या, दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, मूळव्याधीला आराम त्याचाच पडतो. दगडी पालाही नको. जखमेवर चोळायला आपल्याकडे सर्रास वापरतात, पण तोही याच कुळातला.

सुरणाची भाजी आणि ताक आईला द्यायला माझी हरकत नाही, @माणदेशी_गडी. मेथी-पालक मात्र एका दिवशी ढीगभर आणि मग आठवडाभर नाहीच, असं नको. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर हलतो, म्हणून रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

धागाकर्ता
पाकिटं मी पुण्याला घेऊन आलो. मला गाजर गवताने काही होत नाही, गोळ्याही कुठल्या चालू नाहीत. मी प्यालो तर?

औषधपेटी
एखादा कप पिऊन बघा, कडू लागेल. घरात कुत्रं असेल तर डबा वर ठेवा, कुत्र्यामांजरांना हे बाधतं.