सरकारी खात्याबरोबर शाळांत प्रयोग करण्यात काही अर्थ आहे का?

कोरी पाटी:
परवा मित्राशी यावरून कडाक्याचं भांडण झालं म्हणून इथे टाकतोय. सोडत काढून काही शाळांना नवी योजना द्यायची, काहींना नाही, आणि दोनेक वर्षांनी मुलांच्या चाचणीत फरक पडला का बघायचा, असले प्रयोग सरकारी खात्याबरोबर करणं म्हणजे बहुतेक वेळा पैसा आणि वर्षं दोन्ही पाण्यात, असं माझं मत आहे. मी अशाच एका प्रयोगात दोन वर्षं शाळाशाळा हिंडून डेटा गोळा केलाय, कुठे ते सांगत नाही. ज्यांना पुस्तकं मिळायची नव्हती अशा काही शाळांत मला तीच पुस्तकं कपाटात दिसली, आणि जिथे मिळायची होती तिथल्या एका शाळेत खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, "वाटप झाल्याची सही दिलीय की." करार करणाऱ्या साहेबांची सातव्या महिन्यात बदली झाली, नवीन आले त्यांना सोडत हा प्रकारच पटेना, "सगळ्या शाळा माझ्याच, अर्ध्यांना नाही कसं म्हणू" म्हणून उरलेली पुस्तकं त्यांनी सगळीकडे वाटून टाकली. माणूस वाईट नव्हता हो. पण मग फरक मोजायचा कशाशी?

चिठ्ठीबहाद्दर:
अहो पण सरकारला वगळून केलं तर काय होतं ते केनियात दिसलंय ना. कंत्राटी शिक्षक नेमल्यावर मुलांचे गुण वाढतात असं आधीच्या एका प्रयोगात दिसलं होतं, तो स्वयंसेवी संस्थेनं चालवलेला. मग १९२ शाळा घेऊन बघितलं, सोडतीनं काही शाळांत तेच काम एका संस्थेकडे दिलं आणि काहींत थेट शिक्षण मंत्रालयाकडे. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, मंत्रालयाच्या शाळांत परिणाम शून्य! पगार उशिरा, देखरेख ढिली, शिक्षक संघटनेचा विरोध वेगळाच. योजना कागदावर एकच होती. म्हणजे नुसत्या संस्थेच्या शाळांवरून देशभर लागू केलं असतं तर फसलोच असतो. शेवटी चालवणार सरकार, तर सरकारच्याच हातून तपासून बघायला नको?

कोरी पाटी:
@चिठ्ठीबहाद्दर मान्य, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे :) शून्य आला, पुढे काय? मध्य प्रदेशात १,७७४ शाळांत असंच झालं. शाळांचं मूल्यमापन, श्रेणी, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा, सगळं व्यवस्थित. जवळपास सगळ्या शाळांनी मूल्यमापन पूर्ण केलं, पण शाळेच्या कारभारात आणि मुलांच्या शिकण्यात ढिम्म फरक नाही. आणि तरीही ती योजना यशस्वी ठरली, देशभर ६ लाखांच्या वर शाळांत गेली. आराखडे भरले ना, झालं! खात्याच्या लेखी रकाना भरला की काम झालं. मग आम्ही चाचण्या घेत का हिंडायचं?

गणिताचा तास:
तुम्ही दोघं शिक्षकाला सोडूनच बोलताय. मी वर्गात आहे. दर वर्षी कुणीतरी नवीन प्रयोग घेऊन येतं, दोन दिवसाचं प्रशिक्षण, एक मार्गदर्शिका, आणि वर अभ्यासक्रम वेळेत संपवा हा आदेश कायमच. मी काय सोडू ते कुणी सांगत नाही. बिहारचं बघा, वाचता न येणाऱ्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवायची पद्धत. सरकारी शिक्षकांनी उन्हाळी वर्गात वापरली तेव्हा मुलं शिकली, शाळेच्या वर्षात निव्वळ प्रशिक्षण देऊन सोडलं तेव्हा काही नाही. म्हणजे शिक्षकाला येत नाही असं नव्हतं, त्याला वेळ नव्हता. पुढे हरियाणात रोज एक तास त्यासाठीच राखून ठेवला आणि तपासायला येणाऱ्यांनाही आधी पंधरावीस दिवस स्वतः वर्गात शिकवायला लावलं, तिथे सरकारी यंत्रणेतच फरक दिसला. मला हे जाम आवडलं, तपासणारा आधी खडू हातात घेऊन उभा राहिला!!

चिठ्ठीबहाद्दर:
हेच तर म्हणतोय. आधीचे फसलेले प्रयोग नसते तर हा राखीव तास कुणाला सुचला असता का.

सरळरेषा:
मला मुळात सोडतच खटकते. चांगली गोष्ट आहे म्हणता आणि अर्ध्या मुलांना देत नाही. त्या मुलांचं ते वर्ष परत येणार आहे का? कोरी पाटींच्या नवीन साहेबांनी बरोबरच केलं.

चिठ्ठीबहाद्दर:
@सरळरेषा चांगली आहे हे आधी माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता. आणि पैसा एकदम सगळ्यांना पुरत नाहीच, मग आधी कुणाला ते वशिल्यानं ठरण्यापेक्षा चिठ्ठीनं ठरलेलं बरं. मेक्सिकोनं १९९७ मध्ये मुलांना शाळेत पाठवणाऱ्या गरीब घरांना पैसे द्यायची योजना काढली, अभ्यासासाठी ५०६ गावं, त्यातल्या ३२० ना आधी, उरलेल्या १८६ ना साधारण दीड-दोन वर्षांनी. कायमचं वगळलं कुणालाच नाही. २००० साली सत्ताबदल झाला तरी योजना टिकली, नाव तेवढं बदललं.

सरळरेषा:
दीड-दोन वर्षं तुम्हाला कमी वाटतात. पहिलीतल्या पोराला नाही वाटत.

फाईलवाला:
खात्यात आयुष्य गेलं म्हणून दुसरी बाजू सांगतो. संशोधक म्हणतात तीन वर्षं काही बदलू नका. आमच्याकडे मार्चच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर परत जातो, सभागृहात प्रश्न येतो की अमुक शाळेला का नाही, तिथे "चिठ्ठीत नाव नव्हतं" हे उत्तर कोण देणार? आणि अहवाल येईपर्यंत मंत्री दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. आम्हाला डिसेंबरात काहीतरी हवं असतं, अर्धंमुर्धं चालेल, तुम्ही देता चार वर्षांनी, तेही इंग्रजीत. राग येईल पण संशोधकाला पेपर हवा असतो आणि आम्हाला उद्‌घाटन.

कोरी पाटी:
@फाईलवाला राग नाही, पटलंच. पण एक विचारतो. इंडोनेशियात शिक्षकांचा पगार दुप्पट करायचं धोरण होतं, सरकारनं ३६० शाळांच्या अभ्यासात १२० शाळांना ते आधी लागू करून बघू दिलं. मुलांच्या शिकण्यात फरक नाही असा निकाल आला आणि तो छापलाही गेला, एवढ्या खर्चाच्या धोरणाबद्दल. तुमच्या काळात असा करार झाला असता, निकाल वाईट आला तरी जाहीर करणार असं कलम घालून, तर तुम्ही सही केली असती?

फाईलवाला:
खरं सांगू का, मी असे दोन करार केलेत. दोन्हींत ते कलम नव्हतं. आमच्याकडून घालायचा प्रश्नच नव्हता, पण समोरच्यांनीही मागितलं नाही. त्यांना पुढचा प्रयोगही आमच्याच शाळांत करायचा होता ना.