लिबरऑफिससाठी बग ट्रायेजचा दिवस: करावा की करू नये?

खटपट्या: आमच्या ग्रुपात विषय निघालाय. एखाद्या रविवारी पुण्यात कॉलेजची लॅब मिळवायची आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या बगझिलावर, म्हणजे त्यातल्या चुकांच्या (बगच्या) तक्रारी नोंदवतात त्या साइटवर, दिवसभर बसायचं. कोड लिहायचा नाही, नुसतं ट्रायेज, म्हणजे तक्रारींची छाननी. 'अनकन्फर्म्ड' (कुणी खात्री न केलेले) म्हणून पडून असलेले बग उचलायचे, आपल्या मशीनवर तसंच होतंय का बघायचं. झालं तर पायऱ्या लिहून 'न्यू' (खात्री झालेला) करायचं, माहिती अपुरी असेल तर तक्रारदाराला विचारून 'नीडइन्फो'. सी++ येत नाही म्हणून ओपन सोर्सपासून चार हात लांब राहणाऱ्यांना याहून सोपी सुरुवात मला तरी दिसत नाही. डेबियन लिनक्सवाले एकत्र बसून बग निपटायच्या 'बग स्क्वॉशिंग पार्ट्या' कधीपासून भरवतायत. बाजूने, विरोधात, काहीही लिहा. नुसतं 'छान कल्पना' नको.

जुनाजाणता: करू नका. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट विसरलात, ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावला की टी-शर्ट देणारा? टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) एखादं विशेषण वाढवून पुल रिक्वेस्टांचा, म्हणजे बदलाच्या प्रस्तावांचा, नुसता रतीब घातला. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टला हवंय त्यानंच भाग घ्यावा. ट्रायेजमध्ये तर धोका जास्त. वाईट पुल रिक्वेस्ट निदान दिसते. चुकून लावलेलं 'वर्क्सफॉरमी' ('माझ्याकडे नीट चालतंय') कुणाला दिसत नाही, खरा बग बंद होतो आणि तक्रार करणारा परत फिरकत नाही.

आणि ते व्हर्जनचं खानं! तिथे बग सगळ्यात आधी ज्या आवृत्तीत आढळला ती लिहायची असते. नवखा येतो, 'माझ्याकडे २४.८ मध्ये होतंय' म्हणत ७.४ खोडून २४.८ टाकतो. मग रिग्रेशन, म्हणजे आधी नीट चालणारं कुठल्या बदलानं बिघडलं ते, शोधणाऱ्यानं भलत्याच ठिकाणी खणत बसायचं.

शाईपेन: मी डीटीपी करते, प्रोग्रामिंगशी माझा संबंध नाही. पण मला सांगा, मराठी मजकुराच्या तक्रारी तपासणार कोण? ५.३ मध्ये सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आलं, तेव्हापासून जोडाक्षरं बरीच ताळ्यावर आली, हे खरं. तरी पीडीएफमध्ये 'दऱ्या' चा 'दर्या' झाला तर बर्लिनमधल्या माणसाला स्क्रीनशॉटमध्ये काय चुकलंय ते कळणारच नाही. त्याच्या दृष्टीनं दोन्ही अक्षरं ठीक उमटलीत. मला ते लांबूनच खुपतं. असे बग वर्षभर 'अनकन्फर्म्ड' राहिले तर दोष त्याला कसा देणार?

जुनाजाणता: @शाईपेन, मान्य. पण मराठीच्या कितीतरी तक्रारी मुळात बगच नसतात. शैलीत फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म, कारण वेस्टर्न (इंग्रजी वगैरे) आणि कॉम्प्लेक्स टेक्स्टचे (मराठी वगैरे) फॉन्ट वेगळे असतात आणि माणसानं वरचाच बदललेला असतो. नाहीतर श्रीलिपीतली युनिकोडपूर्व फाइल उघडून 'सगळं गिचमिड दिसतंय'. यासाठी दिवस कशाला, एक मदतीचं पान लिहा.

शाईपेन: पान वाचतं कोण? ते ओळखून तक्रारदाराला दोन ओळीत सांगणं हेच तर ट्रायेज ना?

मंडईकर: माझा आक्षेप वेगळा आहे. रविवारी तुम्ही वीस जणांना प्रश्न विचारून ठेवणार: कुठली आवृत्ती, नमुना फाइल द्या, हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये चालवून बघा. उत्तरं बुधवारी येणार. तेव्हा विचारणारा कुठे असेल? 'नीडइन्फो'त उत्तर न आलेले बग काही महिन्यांनी आपोआप बंद होतात, ते ठीक. पण ज्यानं बिचाऱ्यानं मेहनतीनं फाइल तयार करून जोडली, त्याच्याकडे ढुंकून न बघणं हा उर्मटपणा आहे. त्यापेक्षा चार जणांनी दर गुरुवारी दोन तास बसा.

खटपट्या: 'दर गुरुवारी दोन तास' म्हणजे एक जानेवारीला जिमची फी भरण्यासारखं आहे हो. आणि ते चार जण येणार कुठून? कुठेतरी एकत्र बसल्याशिवाय कोण टिकणार हे कळत नाही. बुधवारचा मुद्दा मात्र बिनतोड. म्हणून असं ठरवू: त्या दिवशी कुणीही बग बंद करायचा नाही. व्हर्जनच्या खान्याला हात लावायचा नाही, आपली आवृत्ती कॉमेंटमध्ये लिहायची. स्वतः नोंदवलेला बग स्वतः 'न्यू' करायचा नाही, तो तर तिथला नियमच आहे. प्रश्न विचारलात तर तो बग तुमचा, उत्तराची मेल येईल तेव्हा तुम्हीच बघायचं. जमणार नसेल तर विचारू नका, नुसतं तपासून लिहा. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही.

मंडईकर: प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर पोरं येणार नाहीत आणि पोरं नाहीत म्हटल्यावर कॉलेज लॅब देणार नाही. बघाच.

खटपट्या: न देवो. मग सहा-सात जण आमच्या हॉलमध्ये बसू, वायफाय बरं आहे.

जुनाजाणता: सहा-सात जण असतील तर माझा विरोध नाही. माझा राग गर्दीवर आहे. पण बायबिसेक्टची रेपॉझिटरी (बग नेमका कधी शिरला ते शोधायला जुन्या तयार बिल्ड्सचा साठा) आदल्या रात्री उतरवून ठेवा, कित्येक जीबी असते. सगळ्यांनी एकदम तिथे सुरू केलं तर दिवसभर टक्केवारी बघत बसाल.

खटपट्या: तुम्हीच या की मग. आणि विंडोजचा लॅपटॉप आणा, आमच्यातले सगळे उबुंटू लिनक्सवाले आहेत आणि निम्म्या तक्रारी विंडोजच्या.

जुनाजाणता: चहा कुणाचा?