बंद करूनही गळणारा गेट व्हॉल्व्ह
व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी जात असेल तर माल हलका समजून तो थेट बदलावा, हे मत मला अर्धेच पटते. आमच्या यवतमाळकडच्या गावात नळयोजनेच्या टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवले की आतली पाचर खाली-वर होऊन पाणी अडवणारी वा सोडणारी झडप) रोज अर्धवट उघडा ठेवला जाई. अशा वेळी पाणी अरुंद फटीतून वेगाने जाते, आतली पाचर थरथरते आणि तिची व सीटची (ती जिथे टेकते त्या बैठकीची) कड झिजते; मग व्हॉल्व्ह कितीही आवळला तरी पाचर नीट बसत नाही. आम्ही दोन व्हॉल्व्ह बदलले, दुसरा तर चांगला महागाचा होता, तरी तोही गळू लागला. प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तेथे ग्लोब व्हॉल्व्हसारखा, प्रवाह कमी-जास्त करण्यासाठीच बनवलेला व्हॉल्व्ह हवा.

मात्र बदलण्यापूर्वी गळणारा व्हॉल्व्ह थोडा उघडून दोन-तीनदा पाणी जोरात सोडून पाहावे, कारण तळाच्या खाचेत रेती अडकली असली तरीही पाचर पूर्ण बसत नाही, आणि तशात चाकाला पाइप अडकवून जोर लावल्यास स्पिंडल (चाकाला पाचरीशी जोडणारा दांडा) वाकू शकतो.